कोंबडीवरचा वाद आणि चिखलातला छोटा ट्रक

१/ १९७८ साली अमेरिकेच्या बाजारात एक चमत्कारिक वाहन उतरले. पुढून पाहिले तर मोटारगाडी, मागून पाहिले तर ट्रक. आणि मागच्या उघड्या हौद्यात, मागे तोंड करून बसवलेल्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. धरायला मुठी आणि बांधायला पट्टे. पाऊस आला तर बसणाऱ्याने भिजायचे, खड्डा आला तर मुठी घट्ट आवळायच्या. या वाहनाचे नाव सुबारू ब्रॅट.

त्या खुर्च्या तिथे का होत्या, याचा शोध घेऊ लागले की एक वाट जपानमधील बर्फाळ डोंगरांतल्या विजेच्या तारांकडे जाते आणि दुसरी पश्चिम जर्मनीच्या कोंबडीबाजाराकडे. वाटेत एक जुना वादही भेटतो : वेगळी चासी नसलेला ट्रक रस्ता सोडून खरोखर चालू शकतो का? 🧵

२/ प्रथम वाद समजून घेऊ. परंपरागत ट्रकच्या पोटाखाली शिडीसारखी पोलादी चौकट असते. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, आस, चाके सारे या शिडीला जोडलेले. चालकाची केबिन आणि मालाचा हौदा हे दोन स्वतंत्र डबे वरून बोल्टने बसवलेले. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप याच घराण्यातली. तिचीच जुळणी स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी सुरू केली. ‘रस्ता नसेल तिथे जाणारी गाडी’ म्हटले की जगभर डोळ्यांपुढे येते ते हेच रूप.

३/ युनिबॉडीत ही शिडी नाही. जमीन, बाजू, खांब, छप्पर असे पत्र्याचे भाग एकत्र जोडून एकच कवच तयार होते आणि भार तेच वाहते. १९२२ ची लान्सिया लॅम्ब्डा आणि १९३४ ची सित्रोएन ट्रॅक्सिओं आव्हां या गाड्यांनी हा मार्ग दाखवला. वजन घटते, गाडी जमिनीलगत बसते, वळणावर डुलत नाही. प्रवासी मोटारींनी ही रचना हळूहळू पूर्णपणे स्वीकारली. ट्रकवाल्यांनी मात्र नाक मुरडले, आणि त्याला कारण होते.

४/ मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. झाकण लावून दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावा. तो सहज दाद देत नाही. आता झाकण काढून तोच प्रयोग करावा. खोका लगेच वेडावाकडा होतो.

मोटारगाडी हा झाकणासह खोका आहे. पिकअप म्हणजे अर्धे झाकण कापलेला खोका. युनिबॉडी पिकअपचा सगळा इतिहास या कापलेल्या झाकणाची भरपाई कशी करायची, याचा इतिहास आहे.

५/ रस्ता सुटला की हा पीळ कितीतरी वाढतो. पुढचे डावे चाक दगडावर चढले आहे आणि त्याच क्षणी मागचे उजवे चाकही उंचवट्यावर आहे, अशी स्थिती घ्या. गाडीचे पुढचे अंग एकीकडे झुकू पाहते, मागचे दुसरीकडे. शिडीची चौकट अशा वेळी थोडी पिळते आणि पुन्हा सरळ होते. जुन्या ट्रकांत केबिन आणि हौदा यांच्यामध्ये चार बोटांची फट दिसते ती यासाठीच. दोन्ही डब्यांना आपापल्या परीने हलता यावे.

६/ ही फट बुजवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत गाजला. १९६१ साली फोर्डने एफ-१०० ट्रकची केबिन आणि हौदा एकत्र जोडून एकच अंग केले. चौकट खाली होतीच, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती युनिबॉडी नव्हे. पण नाव तेच पडले. जड माल भरला की दरवाजे अडकतात, अशी त्या ट्रकविषयीची कथा आजही सांगितली जाते. कथेत मीठमसाला असेल. परंतु चारही चाकांना ताकद देणाऱ्या एफ-१०० साठी फोर्डने वेगळा हौदाच ठेवला होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १९६३ मध्ये हा प्रयोग आटोपला आणि ‘जोडलेले अंग म्हणजे कच्चा ट्रक’ हा समज अमेरिकी ग्राहकाच्या मनात पक्का झाला.

७/ आता जपान. ईशान्येकडील तोहोकू प्रदेशात हिवाळा कडक आणि बर्फ भरपूर. तिथल्या वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तारांची आणि खांबांची पाहणी करायला डोंगरात जावे लागे. जीप तिथवर पोहोचे, पण त्या थंडीत जीपमधला प्रवास म्हणजे शिक्षा. कंपनीला हवी होती बंदिस्त, उबदार, रोजच्या वापराची गाडी. फक्त बर्फात तिची चारही चाके चालली पाहिजेत.

८/ ही मागणी मियागी प्रांतातील सुबारूच्या विक्रेत्याकडे गेली. तिथल्या लोकांनी १९७० च्या सुमारास सुबारूच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एका स्टेशन वॅगनला मागचा डिफरन्शियल जोडला. तो चक्क प्रतिस्पर्धी निस्सानच्या ब्लूबर्ड गाडीचा होता! काम जमले. सुबारूची मूळ कंपनी फुजी हेवी इंडस्ट्रीजने ते हाती घेतले. १९७१ च्या टोकियो मोटर शोमध्ये गाडी मांडली गेली आणि १९७२ मध्ये लिओन एस्टेट व्हॅनची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती विक्रीस आली. युनिबॉडीच्या साध्या प्रवासी गाडीला रस्त्याबाहेर नेण्याची ही कल्पना एका वीज कंपनीच्या गरजेतून आली.

९/ हे इतक्या सहज का जमले? सुबारूचे इंजिन आडवे, चपटे. दोन-दोन सिलिंडर समोरासमोर निजलेले. त्याच्या मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून एक शाफ्ट काढला की तो थेट मागच्या चाकांकडे जातो. इतरांना ज्यासाठी सारी मांडणी बदलावी लागली असती, ते सुबारूला जवळजवळ आयते मिळाले होते. इंजिन इतके बुटके की त्याच्यावर, बॉनेटखालीच, जादा चाक मावत असे. ही बाब किरकोळ वाटते. पण छोट्या हौद्यात एका चाकाची जागा वाचणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मुळीच किरकोळ बाब नव्हती.

१०/ याच लिओनच्या अंगावर छप्पर अर्धे कापून ब्रॅट घडवली गेली. अमेरिकेकडे डोळा ठेवूनच. जपानमध्ये कंपनीने ती विकलीच नाही. कापलेल्या झाकणाची भरपाई करायला हौदा आखूड ठेवला होता आणि गाडीचे वजनही टनाच्या आसपासच होते. पीळ देणारे वजनच कमी असले की पीळ सोसणे सोपे जाते.

पण अमेरिकेच्या बंदरावर एक वेगळीच भिंत उभी होती.

११/ ती भिंत कोंबड्यांनी बांधली होती. महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालन कारखान्याच्या पद्धतीने होऊ लागले आणि कोंबडी स्वस्त झाली. ती पश्चिम जर्मनीत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. तिथले शेतकरी धास्तावले. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने समान कृषी धोरणाखाली आयात कोंबडीवर जबर आकारणी लावली आणि अमेरिकेची निर्यात कोसळली. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिलेली, अण्वस्त्रांचे सावट डोक्यावर, आणि दोन मित्रराष्ट्रांमध्ये वाद पेटला तो कोंबडीच्या तंगडीवरून.

१२/ प्रकरण गॅटच्या लवादापुढे गेले. अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर इतके ठरले. त्या रकमेइतका प्रतिकर लावण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. ४ डिसेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फर्मान काढले : बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर वाढीव कर. ट्रकवर २५ टक्के. अंमल ७ जानेवारी १९६४ पासून.

१३/ नेम होता फोक्सवागनच्या व्हॅन आणि पिकअपवर. पण गॅटच्या नियमांनुसार असा कर एका देशापुरता लावता येत नाही. तो सर्वांना लागू होतो. त्या वेळी जपानचे ट्रक अमेरिकेत फारसे नव्हतेच. जे भांडणात नव्हते त्यांच्याच वाट्याला पुढे ही शिक्षा आली. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडी यांवरचा वाढीव कर कालांतराने गेला. ट्रकवरचा मात्र राहिला.

१४/ व्यापारी माणूस भिंत पाहिली की आधी दार शोधतो. जपानी कंपन्यांना ते सापडले. कर ‘ट्रक’ वर होता. हौदा नसलेली केबिन आणि चासी आणली तर अवघे ४ टक्के. मग हौद्याविना ट्रक जहाजातून उतरू लागले आणि अमेरिकेच्या भूमीवर त्यांना हौदे बसू लागले. टोयोटाचे हौदे कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे बनत. फोर्ड आणि शेव्हरोले यांनीही आपापले छोटे ट्रक, मूळ माझदाचे आणि इसुझूचे, असेच आणले. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली.

१५/ या साऱ्या कथेचा कणा इथे आहे. शिडी-चौकटीच्या ट्रकचा हौदा बोल्ट काढून वेगळा होतो. म्हणून तो या दारातून आत येऊ शकला. ब्रॅटचा हौदा वेगळा होऊच शकत नव्हता, कारण तो गाडीच्या अंगाचाच भाग होता. ज्या रचनेमुळे ती हलकी आणि चपळ झाली, त्याच रचनेने तिची पळवाट बंद केली.

मग सुबारूने दुसरे दार काढले. हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या आणि कागदोपत्री ते वाहन प्रवासी मोटार झाले. मोटारींवरचा कर त्या काळी सुमारे ३ टक्के होता.

१६/ म्हणजे त्या खुर्च्या हौसेच्या नव्हत्या. जाहिरातींत त्यांवर हसरी तरुण मंडळी बसलेली दिसत आणि नावही तसेच खेळकर होते; ब्रॅट म्हणजे व्रात्य पोर. आद्याक्षरांचा अर्थ मात्र लांबलचक : बाय-ड्राइव्ह रिक्रिएशनल ऑल-टेरेन ट्रान्सपोर्टर. यातल्या ‘ऑल-टेरेन’ या शब्दाचा हिशेब आता करायला हवा.

१७/ ब्रॅट रस्त्याबाहेर कशी होती? प्रामाणिक उत्तर असे की काही ठिकाणी उत्तम, काही ठिकाणी निरुपाय.

दांडा ओढला की पुढची आणि मागची चाके मधल्या डिफरन्शियलशिवाय थेट एकमेकांशी बांधली जात. ओला गवताळ उतार, बर्फ, वाळू, शेतातला चिखल यांत ही ताठ जोडणी फार कामाची. कोरड्या डांबरावर मात्र ती वापरायची नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि सारा ताण शाफ्टवर येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी १.८ लिटरचे इंजिन आणि हळू चालीचे लो-रेंज गिअरही आले. वजन कमी, टायर अरुंद. जिथे जड ट्रक रुततो तिथे ती वरच्यावर निघून जाई.

१८/ उणीव खडकात दिसे. तिची चारही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर होती आणि त्यांची खाली-वर होण्याची मर्यादा थोडी. खोल घळीत एक चाक चटकन अधांतरी लटके. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला अडथळा नाही त्यालाच तो फिरवत बसतो. हवेतले चाक गरगरते आणि गाडी जागच्या जागी राहते. पोटाखालची उंचीही बेताची. ही गाडी अडली तर कवच पिळवटल्यामुळे नव्हे, चाक जमिनीला न टेकल्यामुळे आणि पोट दगडाला घासल्यामुळे अडे. फोर्डच्या फसलेल्या प्रयोगातून लोकांनी काढलेला निष्कर्ष इथे लागू पडत नाही. तिथे प्रश्न अंगाच्या जोडणीचा होता, इथे चाकांचा.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकाला प्रयोगशाळा क्वचितच मिळते. इथे ती मिळाली आहे. तीच गाडी ऑस्ट्रेलियात ‘ब्रम्बी’ या नावाने विकली गेली. ब्रम्बी म्हणजे तिथला रानटी घोडा. तिथे कोंबडीचा कर नव्हता, म्हणून हौद्यात खुर्च्याही नव्हत्या. उरला तो निव्वळ कामाचा छोटा ट्रक.

२०/ ऑस्ट्रेलियाला अशा वाहनाची सवय जुनी होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्डला पत्र लिहिल्याची कथा तिथे घरोघरी माहीत आहे : रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. १९३४ मध्ये जीलाँग येथे लू बँट या तरुण अभिकल्पकाने ‘कूपे युटिलिटी’ घडवली. त्यातूनच ‘यूट’ ही जात जन्मली. ती शिडी-चौकटीवर होती. परंतु १९५१ च्या होल्डन यूटपर्यंत तिथल्या शेतकऱ्याने मोटारीच्या एकसंध अंगावरचा हौदाही मान्य केला होता. ‘हा खरा ट्रक आहे का’ हा प्रश्न त्याला पडला नाही. कुंपणापर्यंत जाऊन संध्याकाळी घरी परत येतो ना, एवढेच त्याला पाहायचे होते.

२१/ म्हणून ब्रम्बी तिथे १९९४ पर्यंत विकली गेली. अमेरिकेत ब्रॅटच्या अखेरच्या वर्षांत खुर्च्या गेल्या आणि १९८७ नंतर ती गाडीही गेली. एकच पत्रा, एकच इंजिन, एकच चाके. एका देशात तिची आठवण गमतीची वस्तू म्हणून राहिली, दुसऱ्यात शेतीचे अवजार म्हणून.

२२/ अमेरिकेत तिला गांभीर्याने घेणारा एक शेतमालक होता. कॅलिफोर्नियाच्या सांता यनेझ डोंगरातील ‘रांचो देल सिएलो’ या आपल्या मळ्यावर रोनाल्ड रेगन यांच्याकडे १९७८ ची ब्रॅट होती. तेच रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, १९८१ मध्ये, जपानने अमेरिकेच्या दबावाखाली मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखून धरण्याचे मान्य केले. मळ्यावर जीपही होत्याच. पण राष्ट्राध्यक्षांच्या डोंगरात एक जपानी युनिबॉडी ट्रक होता, हे विसरण्यासारखे नाही.

२३/ आता दुसरी बाजू. १९८६ च्या मॉडेल वर्षासाठी अमेरिकन मोटर्सने जीप कोमांची आणली. ती चेरोकीवर बेतलेली. कंपनी रचनेला ‘युनिफ्रेम’ म्हणे. पुढचा भाग युनिबॉडी, पण केबिनमागे मजबूत तुळया आणि त्यांवर वेगळा हौदा. कापलेल्या झाकणाचे काम खाली पोलाद घालून भागवले. पुढे-मागे अखंड ताठ आस, म्हणून एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाई आणि जमिनीशी नाते टिके. खडकाळ वाटेवर कोमांची जिथे जाई तिथे ब्रॅट जाऊ शकली नसती. एकसंध कवच असूनही ती जाई, हे लक्षात घ्यावे. आणि ती ओहायोतील टोलेडो येथे बनत होती; कराची चिंता नव्हती, म्हणून हौदा वेगळा ठेवायचा की जोडायचा हे फक्त अभियंत्यांनी ठरवले.

२४/ १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्स क्रायस्लरच्या पोटात गेली. क्रायस्लरचा स्वतःचा डॉज डकोटा तयार होता. १९९२ मध्ये कोमांची थांबली. २५ टक्क्यांच्या भिंतीआड बाहेरचा छोटा ट्रक येईना आणि आतल्यांचा नफा मोठ्या ट्रकांत होता. अमेरिकी पिकअप वाढत वाढत गेला. दोन पिढ्यांनी छोटा युनिबॉडी ट्रक चिखलात फारसा पाहिलाच नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी मते फार ठाम असतात.

२५/ २००५ मध्ये होंडा रिजलाइन आली. केबिनच्या मागच्या खांबांना तिरके उतार देऊन तिने कापलेल्या झाकणाची भरपाई केली, आणि त्या उतारांवरूनच तिची टिंगल झाली. २०२१ मध्ये फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ आल्या. मॅव्हरिक मेक्सिकोतील एर्मोसियो येथे, सांता क्रूझ अलाबामातील माँटगोमेरी येथे. कोरियाच्या कंपनीने ट्रक अलाबामात का बांधावा, याच्या उत्तरात १९६३ ची कोंबडी अजून फडफडते आहे.

२६/ २०२३ च्या मॅव्हरिकची ‘ट्रेमर’ आवृत्ती पाहिली की ब्रॅटच्या उणिवांची यादीच समोर ठेवून काम केल्यासारखे वाटते. उंची एक इंच वाढवली. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र क्लच दिले, जेणेकरून लटकलेल्या चाकाची ताकद दुसऱ्याकडे वळावी. गिअरबॉक्सच्या तेलासाठी अधिक शीतकरण दिले, कारण वाळूत सतत झगडताना तेल तापते. चौकटीला हात लावला नाही, ती नाहीच. लो-रेंज गिअर मात्र इथेही नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या छोट्या सुबारूत ते होते.

२७/ खुर्च्यांची युक्तीही मेली नाही. २००९ पासून खुद्द फोर्डने तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट मालवाहू व्हॅन मागच्या आसनांसह अमेरिकेत आणल्या. सीमाशुल्क भरले प्रवासी गाडीचे. सीमाशुल्काची तपासणी पार पडताच आसने काढून टाकली. २०१९ मध्ये न्यायालयाने निर्णय कंपनीच्या विरोधात दिला आणि २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन फोर्डने प्रकरण मिटवले. सुबारूच्या खुर्च्या निदान वेल्डिंगने जोडलेल्या होत्या!

२८/ अमेरिकेच्या उत्तरेकडील रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. युनिबॉडीला गंज चढला की तो थेट सांगाड्यालाच खातो. बदलायला वेगळी चौकट नसते. त्यामुळे तिथल्या बहुतेक ब्रॅट गंजून संपल्या. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील ब्रम्बी त्या मानाने टिकल्या. तिथल्या शेतांवर त्या आजही आढळतात. हौद्यात कुंपणाची तार, खांब, एखादे कुत्रे. खुर्च्या बसवण्याची जागा तिथे कुणी कधी शोधली नाही.